आबा धारलाच होते

माझ्या वडिलांनी, आबांनी, आयुष्यात एकदाच मला फसवलं. मी ते मनात धरून बसले, आणि चूक तिथेच झाली.

आबा देवासच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. चालू वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा धर्म. आई म्हणायची, यांच्या घरात बंद घड्याळंसुद्धा पेन्शन खातात. रोज पहाटे ते माताजीची टेकरी चढायचे. छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी चढण बंद केली, तरी महिनाभर "नाही गं जात" म्हणत चोरून जात राहिले. मग मी हट्टाने त्यांना धारला सुभद्राआत्याकडे राहायला पाठवलं. पुण्यातून लक्ष ठेवता यावं म्हणून स्वस्तातला एक टॅबलेटही घेऊन दिला.

पहिल्याच आठवड्यात नकाशावर टॅबलेट देवासच्या घरी!

"आबा, कुठे आहात?"

"धारलाच आहे, लती बेटा. माताजीची शपथ."

"शपथा नका खाऊ. मला दिसतंय इथे."

आत्यानेही फोन घेऊन तेच सांगितलं. मला वाटलं, भावाला पाठीशी घालतेय. माझं डोकं तापलं की कान बंद होतात. चार महिने मी त्यांचा फोन उचलला नाही.

मग एका संध्याकाळी आत्याचा निरोप आला: "दादाला बरं नाही. लगेच धारला ये." नकाशा पाहिला, तर देवासच. म्हटलं, मला मनवायची ही बहीण-भावाची युक्ती. आधी देवासला जाऊन यांना रंगेहाथ पकडते. सकाळी इंदूरला उतरले. तिथून धार एकीकडे, देवास अगदी उलट दिशेला. मी देवासची बस धरली.

घराला कुलूप होतं. टेकरीवर गेले असतील म्हणून ओट्यावर वाट बघत बसले. तासाभराने शेजारचे विक्रमसिंहकाका आले.

"अरे बिटिया, कृष्णाजी भिया तो चार महीने से धार में हैं! एक बार भी इधर नहीं आए."

मी धारला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तेराव्यानंतर आतेभाऊ मयुरेशने टॅबलेट उलटसुलट करून पाहिला. "ताई, याच्यात सॅटेलाइटवालं जीपीएस नाहीच. आजूबाजूचं वायफाय बघतो, आणि ते पहले कुठे सापडलं होतं तीच जागा सांगतो. मामांनी देवासचं राऊटर सोबत आणून इथे लावलं ना! आमच्या गल्लीत दुसरं वायफाय नाही. मग हा देवासच सांगणार."

आबांनी ते पंच्यात गुंडाळून आणलं होतं. चालू राऊटर ते कसं टाकतील? हे मला, त्यांच्या लेकीला, सुचायला हवं होतं.

इतके दिवस धीर झाला नव्हता; आता आत्याला मी विचारलं, कधी गेले?

"नऊला. शुद्धीत होता गं. लती निघाली का, कुठवर आली, सारखा विचारत होता."

नऊ वाजता मी देवासच्या ओट्यावर बसून, ते आले की त्यांना काय काय सुनावायचं, ते ठरवत होते.