गडाच्या चढावरचं खोटं

मधुदादा गेल्याचं मला कळलं ते शेजारच्या औषधाच्या दुकानात आलेल्या ट्रंककॉलवर. अमरावतीत आमच्याकडे फोन नाही. दुकानदार स्वतः बोलवायला आले, आणि मी पिठाच्या हातांनी तशीच धावले. पलीकडून वहिनी फार हळू बोलत होती. "सुधाताई, हे गेले. चहा ठेवला होता... उठलेच नाहीत." आज त्याला सव्वा महिना झाला. एवढे दिवस लिहायला बसले की एकच रस्ता डोळ्यांपुढे येतो, रामटेकच्या गडाचा.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. इतवारीत घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. गाड्या बऱ्या करणारे नागपुरात पुष्कळ होते. दादाकडे लोक यायचे ते धडधाकट गाडी आणखी पळवायला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, लेथवर घासून पातळ करायचं म्हणजे आतला दाब वाढतो, एका कार्बुरेटरच्या जागी दोन बसवायचे, आणि मग कान लावून बसायचं. स्क्रूला केसभर पीळ द्यायचा, ऐकायचं, पुन्हा पीळ द्यायचा. तेव्हा घरात कुणी भांडं आपटलं तरी तो ओरडायचा. पुढे त्याला क्षय झाला. इंजेक्शनांनी छाती वाचली, पण कान गेले. बरा होऊन आला तेव्हा आई दारात भाकरतुकडा ओवाळून त्याच्याशी बोलत होती, आणि तो नुसता तिच्या ओठांकडे बघत होता...

मग मी त्याचे कान झाले. मी वीस वर्षांची होते. गिऱ्हाइकांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी दिवा धरायच्या निमित्ताने समोर उभी राहायची. सपाट तळहात हलवला की इंजिन एकसारखं चालतंय, मूठ आपटली की ठोकतंय. गाडी चढाला लागली आणि आतला दाब सोसवेना की इंजिन ठोकतं, डब्यात खडे हलवावेत तसा बारीक आवाज येतो. हाताला तो कळत नाही, कानालाच कळतो. आणि तसंच चालवत राहिलं तर हेड आणि इंजिन यांच्यामधला पातळ पत्रा, गॅस्केट, जळून जातो.

दोन वर्षं अशी गेली. स्थळं यायची, मी काहीतरी खोट काढून नाही म्हणायची. अमरावतीचं स्थळ आलं तेव्हा मात्र मला मुलगा आवडला होता, आणि तरी मी नाही म्हटलं. दादाला काय ते समजलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने मला शेडमध्ये येऊ दिलं नाही. लिलावातून भंगारात घेतलेली त्याची स्वतःची विलायती मोटार होती, तिचं हेड त्याने आणखी घासून आणलं आणि आठ दिवस एकट्याने, तळहात टेकवून टेकवून, इंजिन जमवलं. मग मला बोलावलं. चालू इंजिनावर पाण्याने भरलेला पेला ठेवला होता. पाणी हललं नाही.

"चाल वं सुधे, रामटेकले जाऊन येऊ. मंग सांग, मले कोनाची गरज आहे का."

सपाट रस्त्यावर गाडी अशी गेली की मला भीती वाटावी. दादा खुशीत होता, आजारानंतर इतका खुशीत मी त्याला पाहिला नव्हता. गडाचा चढ लागला, त्याने पाय दाबला, आणि दुसऱ्याच वळणावर मला खडे ऐकू आले. आधी चार, मग मूठभर. दादाने माझ्याकडे पाहिलं. मला अमरावतीला जायचं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे... मला जायचं होतं. एका हाताने दरवाजा धरून मी दुसरा तळहात सपाट केला आणि हलवला. त्याने मान डोलावली आणि वरपर्यंत त्याच जोरात गाडी नेली. परतल्यावर आईला म्हणाला, "अमरावतीले हो म्हनून कळव."

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आले तेव्हा ते हेड बाकावर उलटं पडलेलं होतं. शेजारी जुनं गॅस्केट, मधोमध काळी जळलेली वाट पडलेलं. दादा पात्याने हेडवरची काजळी खरवडत होता.

"कधी गेलं?" मी ओठांनी विचारलं.

"तू सासरी गेली अन् तिसऱ्या दिवशी. अमरावतीच्या रस्त्याले, वाडीच्या पुढं."

मी तिथेच रडू लागले. त्याने पातं खाली ठेवलं. "रडून काय राहिली? मले गडावरच कळलं होतं. दरवाजा कसा घट्ट धरला होता तू..."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू काहून नाही बोलली?"

मी पदराने डोळे पुसले. तोच म्हणाला, "मी बोललो असतो तर तू गेली नसती."

त्या दिवशी त्याने दुप्पट जाडीचं तांब्याचं गॅस्केट बसवलं. दाब उतरला, ठोका गेला, आणि गाडीचा जोरही गेला. पुढे वर्षभरात त्याचं लग्न झालं, शेड चांगली चालली, पण पुन्हा कुणाच्या इंजिनाचा जोर त्याने वाढवून दिला नाही. कुणी गळ घातली तर म्हणायचा, आता जमत नाही. मला संसार मिळाला, चांगला मिळाला. त्याचं काय गेलं हे आम्ही दोघंच जाणत होतो, आणि आता मी एकटीच.

तेरावं झाल्यावर दुपारी वहिनी आणि मी शेडमधून त्याचे कागद आणायला गेलो. मागून कुणी अचानक आलं की दादा दचकायचा, हातातलं हत्यार सुटायचं. म्हणून आत शिरण्याआधी वहिनी बाहेरच्या भिंतीवरचं दिव्याचं बटण दोनदा दाबायची. त्या दुपारीही तिचा हात बटणाकडे गेला. तिच्या लक्षात आलं नाही. रिकाम्या शेडमध्ये दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, विझला... त्याने वळून पाहावं एवढा वेळ आम्ही दारात थांबलो, आणि मग आत गेलो.