करपलेल्या पाकाचा वास

मी या ग्रुपवर बरेच दिवस तुमचे विचित्र अनुभव नुसती वाचते. खरं सांगू का, वाचताना मनातल्या मनात कारणं शोधत असते – याला ताप असेल, हिची झोप झाली नसेल... मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. कुणी भुताखेताचा विषय काढला की भर वर्गात त्याची फिरकी घेणारी बाई आहे मी. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण आता मनात ठेवणं जमत नाही.

आम्ही मुकुंदवाडीला राहतो, मी आणि माझा नवरा संतोष. मागच्या वर्षी कॉलेजातून येताना स्टेशनच्या रस्त्यावर पसरलेल्या खडीवरून माझी स्कूटी घसरली. हेल्मेट डिकीत होतं. कपाळ थेट दुभाजकावर आपटलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला मुका मार दिसला. ऑपरेशन लागलं नाही, चार दिवसांत घरी सोडलं.

सोडताना डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कपाळावरची जखम आठवड्यात भरेल. आतलं तेवढ्यात भरत नाही. मार बसला की मेंदूच्या पेशी आधी भराभरा साखर जाळतात, स्वतःला सावरायला. मग उलटं होतं. कित्येक दिवस मेंदू कमी साखर वापरतो, सगळं मंद चालवतो. मोबाइल बॅटरी सेव्हरवर टाकतो ना, तसं. शब्द आठवणार नाहीत, चिडचिड होईल, उजेड सहन होणार नाही. घाबरू नका."

घाबरू नका म्हटलं तरी मी घाबरलेच. 'पातेलं' हा शब्द मला दोन दिवस आठवला नव्हता. पेपर तपासायला घेतले की पाच मिनिटांत डोकं बधिर. आणि वास पूर्ण गेला होता. वासाच्या नसा कवटीच्या बारीक छिद्रांतून जातात, हिसक्याने तुटतात – हे मी स्वतःच शिकवते! एक दिवस दूध उतू जाऊन गॅस विझला, आणि मी तिथंच शेजारी भाजी निवडत बसलेली. संतोष वेळेवर आला म्हणून बरं. त्या दिवसापासून तो मला एकटीला स्वयंपाकघरात जाऊ देईना. माझ्या प्रत्येक बोलण्याकडे तो जरा जपून बघायला लागला... हे खरं बोलतेय, की डोक्याला लागलंय म्हणून बोलतेय?

सहाव्या आठवड्यात माझे सासरे, आबा, मला बघायला आले. ते पाचोडजवळच्या खेड्यात राहतात. घरची मेंढरं अजून स्वतः वळतात, सत्तरी ओलांडली तरी. दुपारी एसटीने आले, बाटलीत शेळीचं दूध घेऊन. माझ्या शेजारी बसले, डोक्यावर हात ठेवला... आणि मला वास आला.

साखरेचा पाक करपल्यावर येतो ना, तसा. गोड आणि कडू. घशात बसणारा.

"संतोष, वास आला मला!" मी ओरडलेच. तो पळत हिंगाची डबी घेऊन आला. काही नाही. कांदा, उदबत्ती, फिनेल... काही नाही. पण आबा वाकले की पुन्हा तोच वास.

आबा हसले. "मी करपलो व्हय गं?"

मी सवयीप्रमाणे प्रयोग केला. डोळ्यांवर ओढणी बांधली, कानात कापूस घातला आणि म्हटलं, "माझ्यासमोर कधी तू, कधी आबा, असे येऊन बसा. बोलू नका." दहा वेळा केलं. दहाही वेळा मी बरोबर सांगितलं. शेवटी संतोषचं हसू थांबलं होतं.

वास कपड्यांना नव्हता, हातांना नव्हता. टोपी काढल्यावर उजव्या कानाच्या वर, तिथंच होता.

"आबा, इथं काही लागलं होतं का तुम्हाला?"

"नाय." मग जरा थांबून म्हणाले, "वाड्यातून मेंढरं काढताना दाराचं लाकूड लागलं व्हतं... महिना झाला असंल. रगतसुदिक नाय आलं. जरा डोकं जड ऱ्हातंय, पर वयच झालं आता."

मी संतोषकडे वळले. "आत्ताच्या आत्ता स्कॅन करायचा."

"अगं, वासावरून?" संतोष मला बाजूला घेऊन हळू म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले होते? चिडचिड होईल, काही बाही वाटेल. तू जरा पड."

"मी पडणार नाही."

"डॉक्टरला काय सांगू मी? बायकोला वडिलांच्या डोक्याचा वास येतो म्हणून?"

आबांना संध्याकाळी मेंढरं वाड्यात घ्यायची होती, त्यांनी पिशवी उचलली होती. मी दारात जाऊन बसले. खरंच, उंबऱ्यावर. आणि हमसून रडायला लागले. आतून मलाही माहीत नव्हतं, संतोष बरोबर असेल तर? माझाच मेंदू मला खोटं सांगत असेल तर?

आबा माझ्यासमोर उकिडवे बसले. "संतोष, चल दवाखान्यात. पोरीच्या जिवाला एवढा घोर लागलाय, मला काय, मशिनीत झोपायचं तर हाय."

स्कॅन झाल्यावर आम्हाला बाहेर थांबवलं. मग आत बोलावलं. कवटीच्या आत, उजव्या बाजूला, चंद्रकोरीसारखा रक्ताचा थर साचला होता. मेंदू एका बाजूला सरकला होता. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला किरकोळ मारानंतरही असं हळूहळू साचतं, आठवडेच्या आठवडे कळत नाही. "यांना कुणी चालवून आणलं? हे केव्हाही बेशुद्ध पडले असते."

त्याच दिवशी कवटीला छिद्र पाडून ते रक्त काढलं. त्यांना बाहेर आणेपर्यंतचे चार तास मी कसे काढले, सांगता येणार नाही. संतोष माझा हात धरून बसला होता. आबा वाचले. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या पट्टीजवळ नाक नेलं. वास नव्हता.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मार लागल्यावर नसलेले वास येतात, ते माहीत आहे. कदाचित त्यांचं चालणं, बोलणं बदललेलं तुम्ही नकळत टिपलं असेल आणि मेंदूने त्याचा वास करून दाखवला असेल." मला हे पटवून घ्यायचं होतं. पण डोळे बांधलेले होते, कानात कापूस होता... "मग?" मी विचारलं. ते म्हणाले, "मग मला माहीत नाही."

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी लिहितेय.

गेल्या महिन्यात आबांना भेटून मी पाचोडहून एकटीच परत येत होते. बाजारचा दिवस, एसटी खच्चून भरलेली. माझे बाकीचे वास अजून आलेले नाहीत – एवढी गर्दी, मेथीच्या जुड्या, घाम, डिझेल, काही कळत नव्हतं. आणि मध्येच तो वास आला.

माझ्या पुढच्या सीटवरून. खिडकीशी एक बाई होती, माझ्याहून लहान. पदर भुवयांपर्यंत ओढलेला. शेजारी एक माणूस. मी पुढं वाकले, वास घशात बसला. मी विचार न करता बोलून गेले,

"ताई, डोक्याला काही लागलंय का तुम्हाला?"

तिनं मागं पाहिलं नाही. "नाय," एवढंच म्हणाली. तो माणूस मात्र वळला. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिनं पदर आणखी पुढं ओढला.

"कामून? काय म्हनली ही तुमाला?"

"काही नाही... मीच विचारलं. चुकून," मी म्हटलं.

पुढच्या फाट्यावर दोघं उतरली. तो पुढं, ती मागं, हात सीटच्या दांड्यांना धरत धरत. तिच्याबरोबर वासही गेला. मी उठले, दारापर्यंत पोचलेही, पण चढणारी माणसं आत सरकत होती आणि कंडक्टरने घंटी दिली.

हा वास काय आहे, मला माहीत नाही. कुणाला सांगता येत असेल तर सांगा. पण रोज आठवतं ते वेगळंच – मी तिला विचारलं, ते त्या माणसासमोर विचारलं. आणि हे मला कळलं तेव्हा बस सुटली होती.