उनालास्कातलं व्हॅनिला दही

एडिसन गावातल्या आमच्या घरून निघताना बायकोने दोन गोष्टी बरोबर दिल्या: दह्याची डबी आणि हुकूम. "सईला घेऊनच या. नाहीच ऐकलं, तर निदान हातावर दही तरी ठेवा."

आमची सई एडिसनमध्येच जन्मलेली. समुद्रातल्या बर्फाचा अभ्यास करते. अलास्कातल्या उनालास्का बंदरातून तिची बोट दोन महिन्यांसाठी आर्क्टिककडे सुटणार होती. डबी मात्र विमानतळावरच गेली. म्हणे, दही द्रवपदार्थात मोडतं! इतकं घट्ट विरजलेलं दही, पण सांगता कुणाला?

उनालास्काला उतरताच वाऱ्याने टोपी पळवली. झाड औषधालाही नाही. नुसते हिरवे डोंगर, विजेच्या खांबांवर गरुड, आणि पाण्याच्या काठाशी कांद्यासारख्या घुमटांचं रशियन चर्च. गावातल्या दुकानात साधं दही संपलेलं. व्हॅनिलाचं मिळालं, तेच घेतलं.

मी ज्यांच्या घरी उतरलो त्या मरीनाबाई चर्चची देखभाल करतात. त्यांनी मागची दफनभूमी दाखवली.

"रशियन आले ते फरसाठी, लाकडी जहाजांतून," त्या म्हणाल्या. "आमच्या बेटावरच्या माणसांना जबरदस्तीने शिकारीला धाडलं. काही जहाजं आणखी वर गेली, बर्फातून वाट शोधायला. आमचा एक पूर्वज त्यातलाच खलाशी. बायको इथली."

"परत आला?"

"नाही. ही कबर रिकामी आहे." त्या क्रॉसजवळचं गवत उपटू लागल्या.

मी तिथेच ठरवलं, आज सईला स्पष्ट सांगायचं. बास.

दुपारी सई जेवायला आली. मरीनाबाईंनी पिरोक (सामन मासा, भात आणि कोबी भरून भट्टीत भाजलेला पदार्थ) केला होता. सईने दोनदा घेतला.

"बाबा, यू लुक सो सीरियस!"

"अगं, वारा फार आहे इथे," मी म्हणालो. काय हा बावळटपणा!

ती बोटीवर जायला निघाली. मी घसा खाकरला, तेवढ्यात मरीनाबाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. त्या रशियन खलाशांपासून चालत आलेली त्यांच्या घरची रीत आहे: दूर जाणाऱ्याबरोबर सगळ्यांनी क्षणभर बसायचं. बोलायचं मात्र नाही.

बसलो. 'नको जाऊस' अगदी ओठांवर, आणि बोलायला बंदी! समोर सई. बुटांना दुहेरी गाठ, मी लहानपणी शिकवली होती तशी. पाय सारखा हलत होता. म्हणजे पोरगी घाबरली होती. तरी तिची नजर दाराकडेच होती.

मरीनाबाई उठल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब गं, दही राहिलं."

तळहातावर चमचाभर ठेवलं. "ई, व्हॅनिला!" म्हणत तिने चाटलं आणि गळ्यात पडली. "येते हं, बाबा." मला रडू आवरेना.

एडिसनला दार उघडताच बायकोने विचारलं, "बोललात का तिच्याशी?"

"नाही. बसलो तिच्यासमोर."

सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. पण ती सईच्या खोलीत गेली आणि गुपचूप पलंगाच्या कडेला टेकली. मीही शेजारी बसलो. त्या खलाशाच्या बायकोनेही त्याला असंच, अडवायचे शब्द गिळून, सोडलं असेल. तिला किती वाट पाहावी लागली, कोण जाणे. आम्हाला दोनच महिने बसायचं आहे.