आभार कुणाचे मानायचे

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचा बक्षीस समारंभ चालला होता. आमच्या मुली पहिल्या आल्या होत्या. चौदा वर्षं गावातल्या मुलींना हा खेळ मी शिकवतोय. बिनपगारी.

शाळेचे अध्यक्ष बडे बागायतदार. स्टेजवर फेटा बांधून बसलेले. त्यांच्या मुलाचा सत्कार झाला, यशस्वी प्रशिक्षक म्हणून. त्यानं जन्मात कुणाला खो दिलेला मी पाहिला नाही.

मला खुर्ची नव्हती. शेवटी वर बोलावलं आणि हातात चिठ्ठी दिली. आभार मी मानायचे. दरसाली मीच मानतो.

मी तिसरी शिकलेला. 'युवा नेतृत्वाच्या अमूल्य' एवढ्यावर अडखळलो. खाली हशा झाला. अध्यक्ष माईकवरच म्हणाले, "वाच रं. रोज बायबल वाचतोस न्हवं?" आणखी हशा. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस.

मी हळूच म्हणालो, "साहेब, ह्यात पोरींची नावं न्हाईत."

"मैदान कुणाचं हाय? तुमच्यात तर एका गालावर बसली की दुसरा पुढं करत्यात. निस्ता आभार मान."

त्याच सकाळी कॅप्टन रुखसार, तांबोळ्यांची पोर, मला म्हणाली होती, "आवं आजोबा, दरसाली त्यांचं आभार मानता. आमास्नी एकदा तरी शाबास म्हनलासा का?" मी दटावलं होतं. डोक्यात हवा जाईल म्हणून.

स्टेजवर तेच टोचायला लागलं. आमच्या प्रार्थनेत आधी उपकारस्तुती, देवाचे आभार; मागणं नंतर. म्हणजे रविवारी मी देवाचे आभार मानायचो आणि बाकीचे दिवस ह्यांचे. माझा बापही ह्यांच्या बापापुढं असाच हात जोडून उभा असायचा. घाम गाळणाऱ्यांसाठी माझ्याकडं काही उरतच नव्हतं. चोर तर मीही होतो.

चिठ्ठी खिशात घातली. म्हणालो, "रुखसार. पायाचं नख उपटलेलं, तरी फायनल खेळली. मी बघितलं आणि गप्प बसलो. शाबास. तुझे आभार." मग पूजा. मग स्वाती. चौथ्या नावाला त्यांनी माईक बंद केला. माझा आवाज मैदानावर ओरडून कमावलेला. उरलेली नावं तशीच घेतली. बाराच्या बारा.

टाळी पडली नाही. पोरी भेदरून खाली बघत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "उद्यापास्नं गेटला कुलूप."

संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळक घरी आले. "माफी मागा, पोरींचा खेळ बंद पडंल." खोटं नव्हतं ते. माझ्या ताठ्याची किंमत पोरींनी का भरावी? पण मला म्हणायचं होतं तेच म्हणालो, "क्षमा करायला सांगा, करीन. माफी मागणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पहार घेऊन आमच्या दफनभूमीशेजारच्या माळावर गेलो. दगड वेचले. दोन खांबांसाठी दोन खड्डे घेतले. गेटचं कुलूप बघून पाच पोरी तिकडं आल्या. रुखसार नव्हती.

पाचजणींना आधी शाबास म्हणालो, मग पळायला लावलं. त्या घरी गेल्यावर हातपाय धुतले आणि उरलेल्या सातजणींच्या दारात गेलो. बोलवायला नाही. आभार मानायला. पहिलं दार तांबोळ्यांचं.