परातीवरची पणजी

तमाम लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दिंद्रुडच्या आमच्या घराण्यात गेल्या चार पिढ्यांत एकही बाई होऊन गेलेली नाही. पुरुषांना पुरुष होत गेले. ते आपले आपण वाढले, स्वतःच भाकरी थापून खाल्ली आणि योग्य वेळी सातबाऱ्यावर चढले. हे मी म्हणत नाही, कागद म्हणतात. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याआधीही कुणीतरी आली असेल. पुराव्याअभावी ते मागे घ्यावं लागलं.

हा शोध मला लागला तो माझ्या लेकीच्या बाळंतपणात. तिला पहिली मुलगी झाली, आमच्याच घरी. लेक अंबाजोगाईला शिक्षिका आहे. तिच्या वर्गात एकाच नावाच्या चार मुली आहेत आणि हजेरी घेताना ती त्यांना पहिली, दुसरी, खिडकीजवळची आणि रडकी असं म्हणते. आपल्या मुलीला कुणी 'खिडकीजवळची' म्हणू नये, एवढीच तिची इच्छा.

"मला आपल्या घरातल्या जुन्या बाईचं नाव पाहिजे," ती म्हणाली. "खरीखुरी होऊन गेलेली. पप्पांच्या आजीचं नाव काय होतं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं.

"थोरली," तो म्हणाला.

"ते नाव आहे का?"

"सगळे थोरलीच म्हणायचे. मी जन्मायच्या आधीच गेली ती. आबाला विचारावं तर आबा 'आई' म्हणायचे."

आता आबा, म्हणजे माझे सासरे, आणि सासूबाईही राहिल्या नाहीत. विचारायचं कुणाला? त्यातच घाटनांदूरहून लेकीच्या सासूबाईंचा, म्हणजे माझ्या विहीणबाईंचा फोन आला. त्यांनी मोबाईलमधून एक नाव काढून ठेवलं होतं. अर्थ होता 'देवाची कृपा'. कोणत्या देवाची ते मोबाईलनं दिलं नव्हतं. मी त्यांना लेकीची इच्छा सांगितली. विहीणबाई न्यायी आहेत.

"बारशाला नाव माझी लेक ठेवनार, आत्याचा मान हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमी लेखी पुरावा दावला, तर तुमचं नाव ठिवू. न्हाईतर आमचं."

बाराव्या दिवसापर्यंत मुदत. मी पदर खोचला.

माजलगावला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकुनानं विचारलं, "कशासाठी पाहिजेत जुने कागद? जातीच्या दाखल्यासाठी?"

"बारशासाठी."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग मोठ्या मनानं अर्जावर लिहिलं, 'कारण: बारसे'.

कागद निघाला निजामाच्या काळातला, उर्दूत. एक निवृत्त गुरुजी उर्दू वाचतात, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. गुरुजींनी भिंग लावून वाचायला सुरुवात केली. अमुक वल्द तमुक, तमुक वल्द ढमुक, नुसते बापलेक. मी मान डोलावत होते. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "एक बाई सापडली."

मी ओट्यावरून पडायचीच राहिले. "नाव काय?"

"बेवा."

"हे कसलं नाव?"

"नाव नाही, विधवा. लिहिलंय, मयताच्या मागे एक मुलगा आणि एक बेवा. मुलाचं नाव दिलंय."

म्हणजे ज्या बाईनं नवऱ्यामागे एवढं शेत ओढलं, पोराला वाढवलं, ती कागदावर एक नग. मी गुरुजींना विचारलं, दुसरीकडे कुठे असेल का. ते म्हणाले, "बाई, बायकांची नावं कागदावर नसतात. भांड्यांवर असतात."

गुरुजी सहज बोलून गेले, पण मला साक्षात्कार झाला. मी एसटीनं घरी आले ती थेट शिडी लावून माळ्यावर.

माळ्यावर दोन घंगाळी, एक बिनबुडाचा हंडा, कोळ्यांची चार सुखी कुटुंबं आणि अगदी मागे एक पितळी परात. एवढी मोठी, की पायलीभर पीठ आरामात मळावं. चिंच लावून घासली. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं उजळत गेली: झुंबराबाई.

मी खाली येऊन ते नाव मोठ्यानं वाचलं. लेकीनं बाळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणून पाहिलं, "झुंबर." बाळानं जांभई दिली. तिला तो होकार वाटला.

आता खरं सांगते, इथून पुढचा दोष माझा. नाव सापडलं, पण नुसत्या नावानं भागेना. शेजारणी बाळ बघायला यायच्या, विचारायच्या, कशी होती हो झुंबराबाई? मी पहिल्या दिवशी म्हटलं, उंच होती. दुसऱ्या दिवशी ती गोरी झाली. परातीच्या काठाला एक मोठा पोचा होता. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं की खळ्यावर चोर आला होता आणि थोरलीनं ही परात त्याच्या डोक्यात घातली, तो हा पोचा. पाचव्या दिवसापर्यंत झुंबराबाईंना घोडा मिळाला होता. नवरा गुपचूप ऐकायचा. एकदा म्हणाला, "घोडा कोणत्या रंगाचा होता गं?" आणि मला वाटतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

विहीणबाईंना परातीचा फोटो पाठवला. त्यांनी मोठा करून पाहिला आणि कळवलं, लेखी पुरावा मान्य.

बाराव्या दिवशी घर बायकांनी भरून गेलं. पाळणा फुलांनी सजवला. मधोमध पाटावर ती परात, हळदकुंकू वाहिलेली, आणि तिच्यात वाटायच्या घुगऱ्या. विहीणबाई घाटनांदूरच्या चार बायकांना पोच्याची गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या गोष्टीत चोर दोन झाले होते.

एवढ्यात चार घरं पलीकडच्या काकू आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. लग्न होऊन गावात आल्या तेव्हापासून त्या कुठल्याही बारशाला चुकलेल्या नाहीत. कागदांच्या नादात त्यांना थोरलीचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं. घुगऱ्या घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

"ही परात कुनाची म्हनालीस?"

"आमच्या आजेसासूबाईंची, काकू. झुंबराबाईंची."

"झुंबराबाई माजी सासू."

काकूंनी घुगऱ्या बाजूला सारून काठावर बोट ठेवलं. "ह्यो पोचा बग. मी नवी सून व्हते तवा आडावर हातातनं सुटली. सासू आठ दिस बोलत व्हती मला. मंग तुज्या सासऱ्याच्या लग्नात पंगतीला म्हनून तुमी नेलती. ती ही आज दिसली."

विहीणबाई पुढे सरकल्या. "म्हंजी चोर आलाच न्हवता?"

"चोर व्हता की," काकू म्हणाल्या. "परात कुनाच्या घरी निघाली?"

मी खाली बसले. जे शेंबड्या पोरालाही कळतं, ते मला इतके दिवस कळलं नव्हतं. आपल्या घरात आपलं नाव वाचायचंय कुणाला? पंगतीला गेलेलं भांडं घरी परत यावं, म्हणून त्यावर नाव घालतात. नाव घातलेलं भांडं माळ्यावर सापडलं, तर ते आपलं नाही याचाच तो पुरावा. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांच्या नावाची सहा भांडी आहेत आणि माझ्या नावाचे डबे कुठल्या गावी नांदताहेत, ते देवाला ठाऊक.

"मग काकू, इतकी वर्षं मागितली का नाही?"

"मागायची कावून? नेनारानं आनून द्यायची असती. माज्या सासूनं बी सोडली न्हाई. तुमची घागर व्हती आमच्याकडं, ती ठिवून घेतली. परात आली की घागर जाईल, म्हनली."

लेक पाळण्याची दोरी धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता, कारण झुंबर तिच्या तोंडात बसलं होतं आणि आता ते चार घरं पलीकडचं निघालं. विहीणबाईंचा हात मोबाईलकडे चालला होता.

"काकू," लेकीनं विचारलं, "त्या घागरीवर नाव आहे का?"

काकूंची सून घरी जाऊन कमरेवर घागर घेऊन आली. आत उडदाची डाळ होती. ती विहीणबाईंच्या ओच्यात रिकामी केली, चिंच मागवली, काठ घासला. नवऱ्यानं चष्मा लावून आपल्या आजीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

"दगडाबाई."

विहीणबाईंनी नातीकडे पाहिलं, मग घागरीकडे.

"आदीची तीन लेकरं जगली न्हवती तिच्या आईची," काकू सांगू लागल्या. "म्हनून हिला दगडा म्हनले. यमानं दगूड समजून सोडून द्यावं. दिलं की सोडून. लई दिवस जगली. काळीसावळी, बुटकी. घोड्याला भ्यायची. पर माजं पहिलं बाळंतपन तिनंच केलं."

नवऱ्यानं चष्मा काढून उगाच पुसला. लेक घागरीवरून बोट फिरवत राहिली. मग आपल्या नणंदेला म्हणाली, "वन्सं, कानात दगडा सांगा. पाळण्यातलं नाव ते राहू दे. आणि चारचौघांत…" ती काकूंकडे वळली. "काकू, तुमच्या घरात झुंबर नाव कुणाचं ठेवलंय का?"

"कुटलं आलंय. समद्या पोरी मोबाईलातल्या."

"मग आम्ही ठेवू?"

विहीणबाईंनी मोबाईल पिशवीत टाकला. "ठिवा म्हना, काकू. माज्या चार बायकांस्नी मी सांगून बसलेय."

लेकीच्या नणंदेनं पाळण्यात वाकून कानात दगडा सांगितलं, आणि मान वर करून सगळ्यांना झुंबर. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. बाळ रडायला लागलं, दोन्ही नावं एकदम मिळाल्यावर कुणीही रडेल. मी काकूंच्या पाया पडले. आमची आजेसासू आम्हाला मिळाली, त्यांच्या सासूबाईंचं नाव नव्यानं चालू झालं, असं काहीतरी छान बोलायला मी तोंड उघडणार होते. पण काकूंनी घुगऱ्या आधीच पाटावर ओतल्या होत्या आणि परात काखेत मारली होती.

"नाव ऱ्हाऊ दे तुमाला, परात मी चालवली."