बांधावर चपला

आमच्या वाड्यावर, पेडण्याच्या खालच्या अंगाला, नदी आणि शेतं यांच्यामध्ये एक मातीचा बांध आहे. पावसाळ्यात तो पूर अडवायचा आणि एरवी भरतीचं खारं पाणी. बांधावर चढताना चपला काढून हातात घ्यायच्या, असा दंडक होता. तिथे राखणदार असतो, डोळ्यांना न दिसणारा, त्याला चपला चालत नाहीत, असं काकी सांगायची. काका गेल्यावर बांधालगतचा त्यांचा भाताचा तुकडा तिने एकटीने सांभाळला. त्या तुकड्याला कुणी नावं ठेवली तर त्याची खैर नसे.

अनवाणी चालताना कुठे पाय भसकन आत गेला, की खाली खेकड्यांनी बीळ केलंय हे कळायचं. ज्याचा पाय गेला त्यानेच तिथे चिखल आणि पेंढा कोंबून तुडवायचं. म्हणून आम्ही मुलं नेहमी दुसऱ्याला पुढे घालायचो.

मग आम्हाला सुधारायची हौस आली. बांधावर पेव्हर ब्लॉक हवेत म्हणून सगळा वाडा पंचायतीच्या मागे लागला, आणि एकदाचे ते आले. पाव घेऊन येणारा पोदेर सायकलवरून थेट दारात येऊ लागला. सगळ्यांत खूश काकी. तिचे गुडघे दुखायचे, चिखलात पाय घसरायचा.

"बरा झाला बाबा, आता चपला घालून शेतात जाऊक गावता," ती म्हणायची.

राखणदाराचं काय, असं मी चिडवलं की म्हणायची, "तेचेय पाय सुके ऱ्हवतले."

खेकड्यांना मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. ते खाली आपलं काम करत राहिले, आणि वर आमच्या कुणाच्याच पायाला काही जाणवेना.

श्रावणात एका दुपारी नदी फुगली आणि नेमका काकीच्या शेतासमोर बांध फुटला. दुरुस्ती कुणी करायची यावर आम्ही भांडत बसलो, त्यात दोन पावसाळे गेले. तोवर रोजची भरती शेतात शिरत राहिली आणि भाताच्या जागी खारफुटीची तिवरं उगवली. याचा मला अजून राग येतो, आणि तो काढायला समोर आमच्याशिवाय कुणी नाही.

यंदा बांध पुन्हा बांधला, नुसत्या मातीचा. काकीला दाखवायला घेऊन गेलो. पायथ्याशी तिने चपला काढून हातात घेतल्या आणि माझा खांदा धरून वर चढली. पाऊल दाबून दाबून चालत ती आपल्या तुकड्यासमोर आली.

"हंयसर घट्ट आसा," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "फुडल्या वर्सा पेरूक गावतला मां?"

तिवरं तिच्या कमरेच्या वर गेली होती. ती तोडायला आता कायद्याने बंदी आहे, हे घरात तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

"गावतला," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुढची माती पायाने चाचपत चालू लागली.