दार लावलं की राजाही बाहेर

लॉकडाऊनमध्ये कुणाच्या घरी जायची सोय नव्हती, तरी सगळ्यांच्या घरातलं सगळ्यांना कळायचं. त्यामुळे आयर्लंडमधल्या ओंगारच्या आमच्या मराठी ग्रुपकडे किश्श्यांचा ढीग साठला. त्यातले निम्मे शिरीषचे.

शिरीष सॉफ्टवेअरवाला, पण आधी राज्यशास्त्रात एम.ए. "युरोपनं घर आणि सरकार वेगळं केलं. दार लावलं की राजाही बाहेर!" हे त्याचं ठरलेलं भाषण. न कळवता बेल वाजवलेली त्याला खपायची नाही.

*

वीसच्या मार्चमध्ये ऑफिसच त्याच्या जेवणाच्या टेबलावर आलं. अमरावतीहून आलेले त्याचे वडील, आबा, विमानं बंद झाल्यानं इथेच अडकलेले. मीटिंग चालू असताना ते बनियनवर मागे येऊन उभे राहिले. "हे लोकं आपल्या घरात काहून पाहून राह्यले बे?"

शिरीष म्यूटवर नव्हता. कुणाला शब्द कळला नाही, पण बॉस म्हणाला, "युअर डॅड इज ग्रँड!"

*

मग घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा आली. आबांना गाडीतून चक्कर मारून आणताना पोलिसानं थांबवलं. कुठे निघालात? शिरीष उत्तर जुळवतोय तोवर आबा म्हणाले, "अमरावतीले!"

पोलीस विचारतो, "इज दॅट पास्ट नास?" नास म्हणजे इथून तीसेक किलोमीटरवरचं गाव!

आम्ही खूप हसलो. पण आबा रोज विचारायचे, "मले घरी कवा नेशीन?" आणि शिरीष विमानं सुरू झाली का ते पुन्हा फोनवर बघायचा.

*

गणपतीत शिरीषनं मूर्ती खिडकीत बसवली, तोंड रस्त्याकडे. आम्ही फुटपाथवरून आरती म्हणणार, घरच्यांच्या वाट्याला देवाची पाठ! "गणपतीची पाठ पाहू नाई," म्हणत आबा चपला घालून बाहेर आले आणि आमच्यापासून चार हात लांब उभे राहिले. यजमान आत एकटा!

*

जानेवारीत आबा हॉस्पिटलमध्ये गेले आणि तिथेच वारले. आत कुणाला सोडत नव्हते. नर्सनं आबांच्या कानाशी फोन धरला, त्यावर शिरीष शेवटचं बोलला. सरकारनं कुठवर आत यावं यावर तासभर बोलणारा माणूस बापाच्या खोलीबाहेर राहिला.

ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "कुणी येऊ नका. फोनही नको."

*

पण गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास शेजाऱ्यांनीच न्यायचा असतो. आम्ही पिठलं-भाताचा डबा दाराशी ठेवला, बेल वाजवली आणि फुटपाथवर मागे सरलो. वाटलं, डबा उचलून दार लावून घेईल.

शिरीष ताट घेऊन बाहेर आला, डब्यातलं वाढून घेतलं आणि पायरीवर बसला. "तुम्हाला आत बोलवता येत नाही. पण हा घास एकट्यानं गिळवत नाही रे," म्हणाला, आणि सगळ्यांदेखत रडत रडत जेवू लागला.

समोरच्या घरातली आयरिश म्हातारी, आमच्याशी कधी दोन शब्द न बोललेली, खिडकीतून बघत होती. ती आत गेली. थोड्या वेळानं खुर्ची आणि ताट घेऊन आली, आपल्या दारात बसली आणि जेवू लागली.